बोंब झाली नाही

कॉम्प्युटरचा पंखा सकाळपासून धापा टाकत होता.

दोरीवर मोजे वाळत होते.

बिल्डरचा फोन: "नकाशा आज दुपारी नाही आला, तर काम दुसरीकडे."

दूध उतू जाऊन ओट्यावर करपलं होतं.

ती घरांचे नकाशे काढायची. आज मात्र रेघ ओढली, की स्क्रीनवर रुसल्यासारखी थांबून मग उमटत होती. शेवटी तिने दिराला फोन लावला. त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं.

"वहिनी, आत फुकटे पाहुणे बसलेत. टास्क मॅनेजर उघडा, चालू प्रोग्रॅमची यादी दिसेल. त्यात जे ओळखीचं नाही ते बंद करा."

"आणि कामाचं निघालं तर?"

"तर बोंब होईल. ज्याची बोंब, त्याचं ते. आमची हीच पद्धत."

तिने एक बंद केलं. प्रिंटर मेला. म्हणजे ते प्रिंटरचं. पुन्हा चालू केलं. दुसरं बंद केल्यावर स्पीकर मुका झाला. तेही कळलं.

तिसरं अगदी तळाशी होतं. लहानसं, पण चुळबुळं. त्याचा आकडा क्षणभर स्थिर राहत नव्हता. बंद करताना मशीनने विचारलं, 'नक्की?' मग पुन्हा विचारलं. तिने वैतागून 'हो' दाबलं.

पंखा शांत झाला. रेघा सरसर उमटू लागल्या.

"काय बंद पडलं?" दिराने विचारलं.

"काहीच नाही."

"असं होत नाही, वहिनी. नीट बघा."

फ्रीज चालू होता. नळाला पाणी होतं. नवऱ्याला फोन केला, तर तो खेकसला, "मीटिंगमध्ये आहे, मेलो नाही अजून!"

नकाशा पाठवून झाला, तरी तिचं मन लागेना. ती दोरीवरचे मोजे काढायला गेली. एक जोड तळहाताएवढा होता. मुलीला तो कधीच लहान झाला असता.

मुलीच्या खोलीत दुमजली पलंग होता.

एकुलत्या एका मुलीला दुमजली पलंग कशाला घेतला आपण?

वरची चादर चुरगळलेली होती. तिने हात लावला. कोमट.

"भाऊजी, ते परत चालू करून द्या. आत्ताच्या आत्ता."

"नाव सांगा त्याचं."

तिने तोंड उघडलं. नाव आलं नाही.

"नावाशिवाय कसं चालू करणार?" दिराच्या आवाजातली थट्टा गेली होती. "आणि वहिनी... दुकानात तुमच्याकडची छोटी सायकल पडलीय. मीच पंक्चर काढून आणलेली. कुणाची हो ती?"

बेल वाजली.

दारात मुलगी. दप्तर पाठीवर. डावा हात अंगापासून जरा लांब, खाली झुकलेला, बोटं कशाभोवती तरी मिटावीत तशी मिटलेली.

"मी एकटी का आले?"

"तू रोज एकटीच येतेस."

मुलगी तिच्याकडे बघत राहिली. जन्माच्या वैऱ्याकडे बघावं तशी.

बोटं उघडली नाहीत.

सकाळी शाळेच्या बसवाल्या मावशींनी हात देऊन दोघांना वर घेतलं होतं.