तिसरी फळी

अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. गणपती दोन दिवसांवर आले होते. हमरापूरहून बाईचा रंगवलेला पुतळा टेम्पोत घालून नाथा दुपारी रोह्याला पोचला. रेडिओ दुरुस्त करता करता तो कॉम्प्युटर शिकला होता, आणि यंदा मंडळाने देखावा त्याच्यावर सोपवला होता.

देखावा खाडीच्या बांधाचा. लोकांनी लाकडी बांधावरून चालायचं. तीन फळ्यांखाली नाथाने बेलची बटणं बसवली होती. पाय पडला की पडद्यामागच्या कॉम्प्युटरला कळे. पहिल्या फळीवर वारा सुटे, दुसरीवर पाणी वाजे आणि तिसरीवर तो पुतळा मान वळवून हाक मारी, "गोविंदा, माघारी ये रं..."

हाक धोंडुबाईची होती. धरमतरच्या मिठागरात राबलेली ही म्हातारी. नऊ वर्षांपूर्वी उधाणात बांध फुटला, तिचा नवरा गोविंदा खांड बुजवायला उतरला, ती काठावरून हाका मारत राहिली आणि तो सापडलाच नाही. नाथाने तिच्याकडून तीच हाक पुन्हा मारून घेतली होती. टेप बंद केल्यावर ती उठून खाडीकडे तोंड करून बसली होती. नाथाला तेव्हाच चुकल्यासारखं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, पुतळा बसवून झाल्यावर, ती ऐकायला आली. मंडपात दुसरं कुणी नव्हतं. बाहेर लख्ख ऊन होतं, आत ताज्या रंगाचा वास. नाथा पडद्यामागे बसला. स्क्रीनवर पहिल्या फळीचा ठिपका पेटला, मग दुसरीचा, तिसरीचा. हाक घुमली आणि विरली.

मग पहिला ठिपका पुन्हा पेटला.

"आजी, मागे फिरलात काय?"

"नाय रं... मी हितंच हाय."

दुसरा पेटला. लाकूड करकरलं, जड पावलाखाली करकरतं तसं. नाथाला खाऱ्या चिखलाचा वास आला. त्याने घाईघाईने फळ्यांची वायर उपटली. ठिपका विझला नाही. तो तिसऱ्यापाशी सरकला.

स्पीकरमधून पुरुषाचा आवाज आला, दमलेला. "धोंडे... बांध धरलाय मी. तू घरा जा गो."

असला आवाज नाथाने कधी भरलाच नव्हता.

तो धावत पुढे आला. धोंडुबाई एकटीच उभी होती. डोळे वाहत होते, पण चेहरा निवला होता. "जाते," ती शेजारच्या रिकाम्या जागेला म्हणाली, आणि खरंच निघाली. जाताना नाथाला एवढंच म्हणाली, "ती हाक काढू नको रं. त्याला आयकू येते."

नाथाने काढली नाही. दहा दिवस रांगा लागल्या, हाक एकदाही चुकली नाही.

विसर्जनानंतर त्याने तिसरी फळी उचकटली. खालची पोकळी काळ्या चिखलाने गच्च भरलेली होती, काठोकाठ थापून. बटण त्यात रुतून बसलेलं, दाबलं जाणंच शक्य नव्हतं. त्याने खुरप्याने चिखलाची लादी उचलली आणि उलटी केली.

खालच्या अंगाला पाच बोटं उमटली होती. खालून वर रेटलेली. अजून ओली.