सनीचा गडी

‘स्टोरेज सापडत नाही.’

कंपनीतून येऊन चपला काढायच्या आत टीव्हीवर हे वाचायला मिळालं आणि माझं डोकंच फिरलं. चाकणहून रहाटणीला यायचं म्हणजे काय असतं, ते रोज त्या बसमध्ये बसणाऱ्यालाच ठाऊक. दिवसभर मी गिअर तपासते. केसाएवढा फरक दिसला तरी माल परत पाठवते. आणि घरी आल्यावर हे तळहाताएवढं काळं डबडं मला नाचवणार!

डबडं म्हणजे हार्ड डिस्क. सनीची. सनी माझा धाकटा भाऊ. त्यानं गेमच्या कन्सोलवर इम्युलेटर टाकला होता. लहानपणी कॅसेट घालून खेळायचो ते सगळे जुने गेम त्यावर चालायचे. गेम आणि आमचं खेळून सेव्ह केलेलं, सगळं त्या डिस्कवर. मागच्या दिवाळीनंतर तळेगावच्या कंपनीतून डबल शिफ्ट करून बाइकवर येताना सनी गेला. डोळा लागला असणार, असं सगळे म्हणाले. डबल शिफ्ट लावणारा सुपरवायझर तेराव्याला आला आणि पोटभर जेवून गेला.

त्याचा राग येतोच. पण खरं सांगू? सगळ्यात जास्त राग मला सनीचा येतो. जायच्या आदल्या रविवारी त्यानं माझ्या गेमवर स्वतःचा गेम सेव्ह केला. त्या जुन्या गेममध्ये सेव्ह करायला जागाच एक. मी कित्येक महिने खेळून शेवटच्या किल्ल्याच्या दारात पोचले होते, ते सगळं पुसलं. मी घर डोक्यावर घेतलं तर हा हसत म्हणतो, “देतो की परत, ताई.” त्याचं हे कायमचं. माझी छत्री, माझं हेल्मेट, माझा चार्जर, सगळ्याला उत्तर एकच, देतो की परत. आयुष्यात कधी काही परत दिलं नाही गाढवानं. हेही न देताच गेला. आता भांडायचं कुणाशी?

त्याचा गेम सुरू केला की पडद्यावर एक झोपडी येते. दारात दिवा, दिव्याशेजारी एक बुटका गडी भिंतीला टेकून बसलेला. डोक्यावर नाव, सनी. बटण दाबलं नाही तर तो तसाच बसून राहतो, मधूनच मान हलवतो. आईनं एकदा तो पाहिला आणि तेव्हापासून देवापाशी दिवा लावला की तिला तो बघायचा असतो. “दमलाय गं,” म्हणते. मी बटणाला हात लावलेला तिला खपत नाही. त्याच्याकडं बघत बघत ती भाकरी खाते. त्याआधी कित्येक दिवस तिच्या पोटात चहाशिवाय काही गेलं नव्हतं. म्हणून मी गप्प बसले होते.

आणि आता स्टोरेज सापडत नाही. आईनं ताट पुढं ढकललं.

“आधी त्याला लाव.”

बिघाड शोधायची रीत गिअरला काय आणि डिस्कला काय, एकच. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मी केबल बदलली. पुढच्या पोर्टमधून मागच्या पोर्टमध्ये लावली. कन्सोल झोपला की डिस्कचा करंट तोडतो, म्हणून त्याचं झोपणं बंद केलं. करंट कमी पडत असेल म्हणून वेगळा ॲडॉप्टरवाला हब आणला. काही नाही. कन्सोल आपला एकच प्रश्न विचारतोय, फॉरमॅट करू का? म्हणजे सगळं पुसू का? आईच्या हातात गेमचा रिमोट होता. मी तो हिसकावूनच घेतला.

डिस्क लॅपटॉपला लावली, तर तिथं मुकाट चालली. मी सनीचा सेव्ह केलेला गेम नव्या पेन ड्राइव्हवर कॉपी केला आणि कन्सोलला लावला. झोपडी आली, दिवा आला. गडी नव्हता. फाइल तीच, आकार तोच, मी पुन्हा पुन्हा ताडून पाहिलं. आईनं क्षणभर बघितलं आणि तोंड फिरवलं.

“ह्यात न्हाई त्यो.”

ताट तसंच आत गेलं.

दुसऱ्या दिवशी केबल उपसली तेव्हा माझ्या बोटाला ओल लागली. डिस्कच्या पोर्टमध्ये, बारीक पिनांवर, आरशावर श्वास सोडल्यावर धरते तशी वाफ धरलेली होती. कापसानं पुसली, केबल लावली. लगेच झोपडी, दिवा, गडी. आई जेवली. मी निवांत झाले. पण दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा तेच. पुन्हा ओल.

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. “आई, तू फुंकतेस ना यात?”

कारण फुंकायची सवय आमच्या घरातलीच. कॅसेट चालली नाही की सनी ती काढून तिच्या तोंडात फुंकायचा. फुंकर कमी, थुंकीच जास्त. त्याचा नियमच होता, आधी त्यानं फुंकायचं, मग मी. दोघांनी फुंकल्याशिवाय गेम सुरू होत नाही म्हणे. मी नाही म्हटलं तर पाय आपटत बसायचा.

“मला काय येड लागलंय व्हय?” आई म्हणाली. “मी कशाला हात लावू त्याला?”

शनिवारी डिस्क घेऊन काळेवाडीला शोएबकडं गेले. सनीच्या वर्गातला, आता मोबाइल-लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे त्याचं. त्यानं भिंगाखाली बघितलं आणि आधी मलाच झापलं.

“ताई, फुंकू नका यात. कॅसेट आहे का ही? गंज चढतोय पिनांवर.”

“अरे, मी नाही फुंकत!”

“मग घरातलं कुणीतरी फुंकतंय.” असं म्हणत त्यानं वरचं कव्हर उघडलं. बराच वेळ भिंग हलेना.

“काय झालं?”

“बाहेरून फुंकलं तर धूळ आत जाते ना, ताई. ही बघा. आतली सगळी तोंडाशी आलीय.”

“म्हणजे?”

“मला नका विचारू.” त्यानं कव्हर बसवलं, डिस्क माझ्याकडं सरकवली आणि आत जाऊन साबणानं हात धुऊन आला. सनीचा जिगरी दोस्त होता हा. मी निघाले तरी मान वर केली नाही त्यानं.

मी असल्या गोष्टी मानत नाही. घरी येऊन डिस्कच्या पोर्टवर पारदर्शक टेप लावली, चारी बाजूंनी नखानं घासून बसवली. डिस्क स्टीलच्या डब्यात, डबा माझ्या कपाटात, किल्ली माझ्या गळ्यात. त्या संध्याकाळी आई जेवली नाही. आता खरं-खोटं होऊन जाऊ दे, म्हटलं.

रविवारी सकाळी डबा उघडला. टेप पुरीसारखी फुगली होती. आतल्या बाजूला थेंब होते.

मी बघत असतानाच ती हळूच आत बसली.

पुन्हा फुगली.

भीती नाही वाटली. संताप! “सनी, बास झालं!” मी ओरडले. “जिवंत होतास तेव्हा छळलंस, आता तिला उपाशी मारतोस?” मी टेप ओरबाडून काढली. गालाला ऊब लागली. बडीशेपेचा वास आला. सनी शिफ्टमध्ये झोप येऊ नये म्हणून बडीशेप चघळायचा.

आई दारात उभी होती. किती वेळ, कोण जाणे.

“त्याची फुंकून झाली,” ती म्हणाली. “तुझी पाळी हाय.”

“आई, गप बस गं.”

“थांबलाय त्यो, पूने.”

मी डिस्क तोंडाशी नेली. रागारागात फुंकली.

केबल लावली. कन्सोल सुरू केला.

झोपडी आली नाही.

किल्ल्याचं दार आलं. दारात एक गडी, हातात काठी, उभा. डोक्यावर नाव, पूनम.

माझा गेम. जिथं सोडला होता तिथंच, जसाच्या तसा. सेव्ह करायला जागा एकच, त्यामुळं दुसरं काहीच नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा सनीनं घेतलेली वस्तू परत दिली.

“त्यो कुठं गेला?” आईनं विचारलं.

“कुणी मागितलं होतं?” मी टीव्हीवर खेकसले. “ठेवायचं होतंस की तुझ्यापाशी!” मग तिथंच फरशीवर बसून रडले. डिस्कचं पोर्ट कोरडं ठणठणीत होतं. ते नंतर कधी ओलं झालं नाही.

आता आई जेवायची नाही, याची मला खात्री होती. चार घास तरी कसे घालायचे, याच विचारात सोमवार, मंगळवार, बुधवार काढले. ती बरं वाटत नाही म्हणून पडून राहिली. गुरुवारी कंपनीतून आले तर सगळ्या सोसायटीची लाइट गेलेली. डास नकोत म्हणून खिडक्या लावलेल्या. स्वयंपाकघरात मेणबत्ती, आणि आई भाकरी खात होती. एका हातात भाकरी, दुसऱ्या हातानं तिचा जुना बटणाचा मोबाइल कानाला धरलेला. बोलत काहीच नव्हती.

“कुणाशी बोलतेस?”

तिनं मान हलवली. मी मोबाइल काढून घेतला. बंद होता.

“अगं, बंद आहे हा. चार्जिंगला लाव.”

“लागत न्हाई चार्जिंग.”

मी मेणबत्तीपाशी नेऊन बघितलं. चार्जिंगच्या भोकात ओल होती. ओढणीच्या टोकानं पुसली. हातातल्या हातात पुन्हा ओल धरली.

“दे हिकडं,” आई म्हणाली. “पुसू नगं.”

मी मोबाइल दिला. तिनं तो परत कानाला लावला आणि भाकरीचा मोठा घास घेतला. बंद खिडक्या, बंद पंखा. तिच्या कानाजवळचे पांढरे केस हलत होते.