सालई तलावात बंद पडलेली मोटर

नागपूरच्या धरमपेठेतल्या शाळेत चारुशीला आठवीला विज्ञान शिकवत होती. शिपाई धापा टाकत वर्गाच्या दारात आला. हेडमास्तरांच्या खोलीत ट्रंक कॉल होता, पारशिवनीहून.

तिचे वडील धोंडबा आदल्या दिवशी सालई तलावात बुडाले होते. नाव तिचा धाकटा भाऊ गोविंदा चालवत होता, आणि तो पोलिसांच्या ताब्यात होता.

ती गावी पोहोचली तोवर तिरडी बांधून तयार होती. अग्नी द्यायला गोविंदाला तासभर सोडलं होतं, तेही दोन पोलीस शिपायांच्या मध्ये. बायका त्याच्याकडे बघून कुजबुजत होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मच्छीमार सोसायटीच्या शेडवर गेली. फौजदार आनंदराव तिथे पंचनामा आटोपत होते.

"तुमचा भाऊ पिऊन होता, बाई," ते मान वर न करता म्हणाले. "मोटर बंद पाडली, नाव वाऱ्यावर सोडली. ती पाण्यातल्या वाळक्या झाडांच्या खोडांवर गेली. म्हातारे बल्लीने नाव ढकलायला उभे राहिले आणि तोल गेला."

"पिऊन होता हे कोणी पाहिलं?"

"गाव म्हणतं."

गोविंदाने वर्षापूर्वी दारू सोडली होती. गावाने मात्र त्याची दारू सोडली नव्हती. 

"दवाखान्यात तपासलं?"

फौजदारांनी पंचनाम्याचं पान उलटलं.

बुडाले त्या दिवशी धोंडबा नागपूरला निघाले होते. तलावाचा ठेका सोसायटीकडे राहायचा की ओमप्रकाश शेठकडे जायचा, याची सुनावणी होती. सोसायटीचे अध्यक्ष म्हणून बोलायचं होतं त्यांनाच. बस तलावाच्या पलीकडे मिळायची.

शेडमध्ये त्या नावेची जुनी आउटबोर्ड मोटर फळीला टांगली होती. शेजारी रविंद्र उभा होता. सोसायटीचा सेक्रेटरी तोच, मोटरची दुरुस्ती बघणाराही तोच. काल त्यानेही धोंडबांच्या तिरडीला खांदा दिला होता.

"मोटर काहून बंद पडली, रविंद्र?"

"जुनी मोटर आहे, ताई. मले पहिले वाटलं, कार्बोरेटर चोंदला. साहेबांसमोर खोलला. जेट साफ, फ्लोट साफ, पाण्याचा थेंब नाही. मग ड्रमच्या पाण्यात मोटर चालवली. मस्त चालली. चोक ओढून ठेवला असन त्यानं. पिलेल्या माणसाले चोक काय समजते?"

"ड्रममध्ये चालवली तेव्हा पेट्रोल कुठलं?"

"इथल्या डब्यातलं. नावेची टाकी नावेतच होती."

"शेडची किल्ली कोणाजवळ असते?"

"माझ्याजवळच."

फळीवर लाल साबणाची वडी होती, नखांनी कुरतडल्यासारखी.

"इथं आंघोळ कोण करतं?"

रविंद्र हसला. "टाकी गळली का साबण दाबतो आम्ही. पेट्रोलमध्ये विरघळत नाही."

पंचनाम्यासाठी पोलिसांनी गोविंदाला आणून शेडबाहेर पायरीवर बसवलं होतं. ती त्याच्याकडे गेली. दाढी वाढलेली, डोळे जमिनीवर.

"पहिल्यापासून सांग. सुरू कशी झाली?"

"एका झटक्यात."

"मग?"

"अर्ध्या तलावापर्यंत चांगली चालली. मग खोकल्यासारखी झाली अन् बंद. म्हटलं पेट्रोल संपलं का? टाकीचं झाकण खोललं. फुस्स झालं. पेट्रोल तर होतं! झाकण लावलं, दोरी ओढली, पुन्हा चालू. थोडी चालली अन् पुन्हा मेली. तोवर वारा सुटला, ताई. मी दोरी ओढून राहिलो, ओढून राहिलो..."

त्याचे तळहात सोललेले होते.

"चोक?"

"हात नाही लावला गा मी चोकले!"

चारुशीला तडक नावेकडे गेली. पातळ पत्र्याची टाकी दोन्ही बाजूंनी आत दबली होती.

"खोडावर आपटली," फौजदार मागून म्हणाले.

"एकाच वेळी दोन्ही बाजूंनी? आणि रंगाला ओरखडाही नाही?" तिचा आवाज चढला. "साहेब, मोटर याच टाकीवर चालवा. आत्ता. सगळ्यांसमोर."

बातमी पसरली. बघता बघता काठावर माणसं जमली. ओमप्रकाश शेठही जीपमधून उतरला. मोटर ड्रमवर चढवली, टाकी शेजारी ठेवली. नळी टाकीला जोडताना रविंद्रचा हात झाकणाकडे गेला.

"पेट्रोल बघून घेतो."

"झाकणाला हात लावायचा नाही!"

मोटर पहिल्याच झटक्यात सुरू झाली. गर्दीत कोणीतरी हसलं. ड्रममधलं पाणी उसळत राहिलं. मग आवाज जड झाला. टाकीचा पत्रा टणकन आत गेला. मोटर खोकली आणि बंद पडली.

चारुशीलाने झाकण फिरवलं. फुस्स!

तिने झाकण उलटं करून फौजदारांच्या हातावर ठेवलं. झाकणाच्या बारीक छिद्रात आतल्या बाजूने लाल साबण दाबून भरला होता.

"पेट्रोल खाली गेलं की त्याची जागा हवेने घ्यायची असते. त्यासाठी हे छिद्र. ते बुजवलं की टाकी आतून ओढली जाते आणि कार्बोरेटरला पेट्रोल मिळेनासं होतं. निघताना टाकीत थोडी हवा असते, म्हणून काठावर काही कळत नाही. मोटर मरते ती भर पाण्यात. गोविंदाने झाकण उघडलं, हवा शिरली, म्हणून ती पुन्हा चालली. पिलेल्या माणसाने हे सगळं रचून सांगितलं असतं का, साहेब?"

"शेठचंच काम!" गर्दीतून आवाज आला.

"शेठने पेट्रोलमध्ये पाणी ओतलं असतं, साखर टाकली असती. पेट्रोलमध्ये न विरघळणारा साबण दुरुस्ती करणाऱ्यालाच सुचतो. शेडची किल्ली त्याच्याजवळ. आणि रविंद्र, तू परवा दुसऱ्या डब्यावर मोटर चालवलीस. बंद पडलेली मोटर तपासायची तर तिचीच टाकी काहून नाही लावली?"

 रविंद्रने शेठकडे पाहिलं. शेठने तोंड फिरवलं.

"उशीर करायचा होता फक्त," तो पुटपुटला. "बस चुकली असती. शेठ म्हणे, ठेका आला का तुले मॅनेजर करतो. म्हातारा बुडन असं मले कुठं माहीत होतं, ताई?"

"ते नव्हतं माहीत. पण गोविंदा पिला नव्हता, हे तर माहीत होतं ना? तरी त्याले दारुड्या ठरवलं! आणि वर माझ्या बापाले खांदा दिला?"

आनंदरावांनी रविंद्रची कॉलर धरली. जीपकडे सरकणाऱ्या शेठला ते ओरडले, "तुम्हीही थांबा!"

गर्दी उसळली. चारपाच जण रविंद्रवर धावले. चारुशीला आडवी आली.

"मागे व्हा! परवापासून यानं माझ्या भावाले खुनी म्हटलं, तुम्ही मान हलवली. एकानं तरी विचारलं काय गा, गोविंदा, काय झालं? आता हात उचलून राहिले?"

 एकेक जण मागे सरला. ज्यांनी काल स्मशानात गोविंदाकडे पाठ केली होती, ते आज पायांकडे बघत होते.

ती पायरीवर येऊन बसली. 

"ताई," गोविंदा हळूच म्हणाला, "मले वाटे, माझंच काही चुकलं. मीच मारलं बाबाले."

तिने त्याचा सोललेला हात धरला. "तू शेवटपर्यंत दोरी ओढून राहिला होता," ती म्हणाली.