आजीच्या भिंतीवरची बुरशी

शनिवारी पुसायची आणि पुढच्या शनिवारी ती परत हजर. जागा तीच, पसारा थोडा जास्त. तेव्हा २०४६ साल होतं, मी सहावीत होते आणि नाशिकच्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमधल्या या काळ्या-हिरव्या बुरशीनं मला वैताग आणला होता. फिनेलच्या पाण्यानं खसाखसा पुसायचं काम माझ्याच गळ्यात होतं, म्हणून राग जास्त. आता ते घर आठवलं की आधी तो कुबट वास आठवतो, आणि खरं सांगू, त्या वासाचीसुद्धा आठवण येते.

बुरशी होती त्या खोलीत माझे आजोबा आणि धाकटा भाऊ ऋजुल झोपायचे. ऋजुल चार वर्षांचा. पावसाळ्यापासून त्याचा खोकला हटत नव्हता, श्वास घेताना छातीत शिट्टी वाजायची. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "औषध देते, पण घरातली ओल काढा. नाहीतर याला दम्याचा त्रास कायमचा लागेल."

गंमत म्हणजे आजोबा स्वतः बुरशीतज्ज्ञ. द्राक्षांवरची भुरी (वेलीवर पसरणारी पांढरी बुरशी) ओळखण्यात उभी हयात गेलेली. तरी भिंतीचा विषय निघाला की ते पेपरात तोंड खुपसायचे. कारण आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. त्या भिंतीशी पूर्वी तारेचा फोन असायचा आणि सुलभाआजीनं पेन्सिलीनं भिंतीवरच सगळ्यांचे नंबर लिहून ठेवले होते. आजी गेली, तेव्हा तिचं अक्षर कुणी पुसू नये म्हणून आजोबांनी लाकडी कपाट भिंतीला चिकटवून उभं केलं. सहा वर्षं ते हललं नव्हतं; मी पुसायचे ती बुरशी त्याच्या कडेनं बाहेर पसरायची.

शेवटी बाबांनी सोसायटीच्या यंत्रमानवाला बोलावलं. भिंतींवर टकटक करून तो दोष शोधायचा, शिवाय डोकं गुळगुळीत, म्हणून आम्ही पोरं त्याला टकल्या म्हणायचो. त्यानं आर्द्रतामापक (भिंतीत किती पाणी मुरलंय ते सांगणारं उपकरण) भिंतीला टेकवलं.

"पाणी वरच्या बाथरूमच्या पाइपमधून झिरपतंय," तो म्हणाला. "नीरजा, बुरशीचं तू काय करतेस?"

"पुसते. फिनेलच्या पाण्यानं."

"म्हणजे तहानलेल्याला पाणी पाजतेस."

मला झोंबलं. "मग बुरशी आली कुठून ते सांग ना. आम्ही काय पेरली होती?"

"ती आधीपासून इथेच आहे. बुरशीचे बीजाणू (धुळीहूनही बारीक बिया) सगळ्या हवेत असतात. खायला त्यांना रंग, कागद, लाकूड, धूळ, काहीही चालतं. अडतं ते फक्त..."

"थांब," मी म्हणाले. मला एकदम आजीचा ओरडा आठवला होता. लोणच्याच्या बरणीत मी ओला चमचा घातला की ती हातावर चापट द्यायची. "कोरडा चमचा असेल तर लोणचं वर्षभर टिकतं. ओला घातला की आठ दिवसांत वर पांढरं. बरणी तीच, लोणचं तेच, नवीन काय तर थेंबभर पाणी. आपल्या भिंतीत कुणीतरी ओला चमचा ठेवून दिलाय आणि आपण नुसतं वरचं पांढरं काढत बसलोय."

टकल्यानं मान तिरकी केली. लोणचं म्हणजे काय ते त्याला माहीत नसावं. पेपरामागून आजोबा मात्र म्हणाले, "बरोबर आहे पोरीचं."

"मग पाइप दुरुस्त केला की झालं?" बाबांनी विचारलं.

"आधी तेच," टकल्या म्हणाला. "गळती झाल्यावर एक-दोन दिवसांत भिंत वाळवली असती तर तेवढ्यावर भागलं असतं. आता बुरशीचे तंतू (मुळांसारखे धागे) आत शिरलेत. कपाटामागे वारा लागला नाही. गिलावा (विटांवरचा सिमेंटचा थर) पोकळ वाजतोय. तो काढावा लागेल."

"भिंतीला कुणी हात लावायचा नाही," आजोबा म्हणाले. पलंगावर ऋजुल खोकत होता, आणि मला दोघांचंही इतकं वाईट वाटलं की रडूच आलं.

बाबांनी कपाट ओढलं. मागे काळे डाग आणि डागांमधून डोकावणारी आजीची अक्षरं. दूधवाले, माहेर, शाळा. आजोबा चष्मा लावून जवळ गेले. अगदी खाली बारीक अक्षरात एक ओळ होती, ती त्यांनी मोठ्यानं वाचली.

"प्लंबर. गळती दिसली की लगेच फोन करणे. ह्यांच्या भरवशावर राहू नये."

बाबांना हसू आवरेना. आजोबाही हसले, मग तिथेच खाली बसले आणि डोळे पुसत राहिले. "पूर्ण ओळखून होती मला," ते म्हणाले. "टकल्या, छिन्नी आण. मी काढतो."

पण आधी वरचा पाइप बदलला. मग ऋजुलला आत्याकडे पाठवलं, खोलीचं दार बंद करून खिडकी उघडली, तोंडाला मास्क, हातात मोजे. कोरडं खरवडलं तर बीजाणू घरभर उडतात, म्हणून आजोबांनी फवाऱ्यानं हलकंसं भिजवून एकेक तुकडा पिशवीत भरला. टकल्यानं अक्षरांचा फोटो काढून नव्या भिंतीवर उमटवून द्यायची तयारी दाखवली. "नको," आजोबा म्हणाले. "तिचं म्हणणं ऐकलं, तेवढं पुरे." विटा उघड्या ठेवून पंखे लावले. मापकाचा आकडा खाली यायला पाच आठवडे लागले. तोवर आजोबांनी रंगाऱ्याला दारातूनच परत पाठवलं.

गळतीच्या पहिल्या दिवशीच हाक मारतील अशा भिंती आज मी बनवते. शहरात शेकडो घरांत त्या उभ्या आहेत, अजून हजारो व्हायच्या आहेत.

पण मला आठवते ती एक दुपार. ऋजुल घरी परतला होता, गाढ झोपला होता. आजोबांनी वाकून त्याच्या छातीला कान लावला. बराच वेळ ऐकलं.

"काहीच ऐकू येत नाही," ते म्हणाले, आणि आजी गेल्यापासून पहिल्यांदाच मी त्यांना इतकं खूश पाहिलं.