हक्कसोडीतला आठवडा

दार उघडून आई क्षणभर ऋजुताकडे पाहतच राहिली. "किती दिवसांनी आलीस गं!"

ऋजुताने आईचा निरोप घेतला होता तो आठच दिवसांपूर्वी. आईने मात्र तिला तीन महिन्यांनी पाहिले होते.

भाऊ निनाद, भावजय सायली, भाचा ईशान आणि आई सकाळीच चिखलदऱ्याच्या विस्तारगृहातून अकोल्याला परतली होती. तिथला दरवर्षीचा एक आठवडा त्यांच्या घराण्याच्या मालकीचा होता. तिथल्या मंद प्रकाशात आणि औषधाच्या अमलाखाली मेंदूचे घड्याळ असे काही सैलावे, की शरीराच्या सात दिवसांत मन नव्वद दिवस जगून घेई. चार मेंदूंचा मेळ जुळवला, की चौघांचे ते नव्वद दिवस एकत्र जात. मेळ चारांचाच, पाचव्याची सोय विज्ञानाने अद्याप केली नव्हती, आणि कुटुंबसंस्थेने ती मागितलीही नव्हती.

ईशान आजीशी पत्ते खेळत होता. ऋजुताने हात पुढे केला.

"आत्या, तुला नाही जमणार. हा डाव आम्ही पन्नासाव्या दिवशी शोधला. नियमच चाळीस आहेत."

"एकेचाळीस," आई म्हणाली, आणि दोघे एका जुन्या विनोदावर हसावे तसे हसले. तो विनोद फार तर पाच दिवसांचा असेल.

ऋजुता यादवकालीन ताम्रपट वाचत असे. दान दिलेल्या गावातली झाडे, पाणी, गवत, जमिनीखालचे निधान, कशाकशावर कोणाचा हक्क, हे ती झिजलेल्या अक्षरांतूनही अचूक सांगे. पण अकरा वर्षांपूर्वी, वडिलांचे दिवसकार्य उरकल्यावर, सगळ्या शहाण्या बहिणी करतात तेच तिने केले होते: निबंधक कार्यालयात हक्कसोडपत्रावर न वाचता सही. घर, शेत 'आणि विश्रामकाल', म्हणजे विस्तारगृहातला तो आठवडा. बदल्यात भावाने साडी नेसवली. त्या तिसऱ्या शब्दापायी तिच्या आईची जवळजवळ पावणेतीन वर्षे तिच्यावाचून जगून झाली होती.

चहा झाल्यावर तिने विषय काढला. "डॉक्टर म्हणाले, आई पुढचा उन्हाळा पाहील. त्यापुढचं सांगता येत नाही. तेव्हा पुढच्या वर्षी मला यायचंय."

निनादने कप खाली ठेवला. "तुला मी कधी नाही म्हटलंय का, ताई? पण मेळ चौघांचा लागतो. मशीनच तशी आहे."

"मग तुझी जागा दे."

"मी आईचा मुलगा आहे."

"मी कोण आहे?"

सायलीने हळूच सांगून पाहिले, "ईशानचं बारावीचं वर्ष आहे, ताई. त्यालाही आजीसोबत…"

"बारावी घरोघरच्या मुलांना येते. आई जायची वेळ एकदाच येते."

अन्याय इतका सौजन्याने चालला होता, की त्याच्यावर ओरडायलाही जागा नव्हती.

"भांडत काय बसलात?" आई म्हणाली. "माझीच जागा मी सोडते. तुम्ही तिघं जा, चौथी सायलीची आई येईल. ते सात दिवस ऋजू इथं येईल. आम्ही दोघी राहू."

"आई, इथे सातचे सातच होतात," निनादचा आवाज चिरकला. "शेवटच्या वर्षातले त्र्याऐंशी दिवस तू आपल्या हातानं कापून टाकतेस. कळतंय का?"

"कळतंय. हिशोब मलाही येतो." आईने पत्ते गोळा केले. "तुम्ही सगळे मला तिथं फार जपता, खोटं कशाला बोलू? पण त्या घरात सगळंच लांबतं रे. सकाळ लांबते, संध्याकाळ लांबते, आणि ही नसण्याचं दुःखही लांबतं. अकरा वर्षं मी ते नव्वद-नव्वद दिवस सोसलं. तुम्हाला सांगून सुट्टी कशाला नासवायची, म्हणून गप्प बसले."

निनाद बहिणीकडे पाहू लागला. त्या नजरेत राग नव्हता, याचना होती: तू नको म्हण.

ऋजुताला प्रथमच आपला संताप निराधार वाटला. भावाने तिच्याकडून आईचे दिवस घेतले होते. ती आता आईकडूनच आईचे दिवस घेणार होती. आणि ते तिला हवे होते, हावरटासारखे हवे होते.

"येशील ना?" आईने विचारले.

प्रेमाने देऊ केलेले आयुष्य घेणाऱ्याला आपण काय म्हणतो, मुलगी की वारस?