सदऱ्यावरचा हात

कळसाडीच्या सुकलाल पाटलांच्या अंगणात हळद शिजत होती, आणि शेतकी खात्याचा नवा साहेब फत्तेसिंग कडुनिंबाची पानं न्याहाळत, मागे मागे सरकत, थेट उकळत्या काहिलीकडे निघाला होता! पाटलांच्या जमनानं हातातली ओली हळकुंडं टाकली आणि पाठीवर पंजा रोवून त्याचा सदराच धरला.

"वो साहेब! हळदमा शिजनं शे का तुमले?"

तो दचकून वळला. "मी... ते पान बघत होतो. पानातलं हिरवं द्रव्य उन्हात साखर बनवतं ना... तीच उसात साठते. ज्वारीच्या दाण्यात तिचंच पीठ होतं."

"आनि हळदमा काय ऱ्हास?"

"कर्क्युमिन. पिवळंधमक... फार चिवट असतं."

"मंग जपी ऱ्हावा," जमना म्हणाली, आणि आपल्याच धिटाईनं लाजून उगाच चुलीत लाकूड सारत बसली.

त्यानंतर साहेबाला पाटलांच्याच बांधावरची पानं रोज तपासावीशी वाटू लागली. जमनालाही नेमकं त्याच वेळी विहिरीवर काम निघे. पंधरा दिवसांत फत्तेसिंगच्या मावशीनं रीतसर मागणी घातली. पाटील खूश होते. शुक्रवारी होकार कळवायचा, एवढंच बाकी होतं. जमनाचे पाय जमिनीवर ठरत नव्हते.

पण मावशीनं भाच्याची खोली आवरली. कोपऱ्यात पंधरा दिवस न धुता जपून ठेवलेला सदरा तिनं नाक मुरडत धुण्यात टाकला. आणि शुक्रवारी सकाळीच धुणं धुणारी दगूबाई तो सोडा लावलेला ओला सदरा नाचवत पाटलांच्या ओट्यावर!

"देखा पाटील! पाठवर कुंकूना हात! या साहेबनी कोठे तरी बायको शे!"

दाराआडून जमनानं पाहिलं. पाची बोटं लालभडक. पिवळी असती तर तिनं ओळखली असती... मग ही कुणाची?

फत्तेसिंगला बोलावणं गेलं. त्यानं सदरा बघितला, एक लिंबू मागितलं आणि डागावर पिळलं. बघता बघता लाल बोटं पिवळी झाली. दगूबाईनं तोंडावर पदर धरला.

"कुंकू नाही, हळद आहे," तो म्हणाला. "हळदीतलं द्रव्य सोड्यानं लाल होतं, आंबटानं पुन्हा पिवळं."

"हळद तं हळद," पाटील म्हणाले. "पन हात कोना शे?"

फत्तेसिंगनं सभोवार पाहिलं. ओट्याखाली आता निम्मं गाव जमलं होतं. त्या सगळ्यांपुढे तिचं नाव घ्यायचं?

"ते... सांगता येणार नाही."

"मंग मन्ही पोर बी भेटाव नही."

त्यानं मान खाली घातली आणि खरोखरच पायऱ्या उतरू लागला. वेडा! नाव राखायला निघाला होता, पण त्या नावाची मालकीण दाराआड रडकुंडीला आली होती, त्याचं काय?

जमना बाहेर आली. ओल्या सदऱ्यावर तिनं आपला पंजा ठेवला. बोटावर बोट बसलं.

"मन्हा शे, बा. त्या काहिलमा पडी ऱ्हायनाथात, मी धरं. आनि... आते मी सोडाव नही."

फत्तेसिंग पायरीवरच थबकला, कानापर्यंत लाल होऊन. पाटलांनी मिशीवरून हात फिरवला, लेकीकडे पाहिलं, साहेबाकडे पाहिलं, आणि मग त्यांना हसूच आवरेना.

"दगूबाई, देखं का! नवरदेवनी उष्टी हळद नवरीले लागस. मन्ही पोरनी तं पहिले नवरदेवलेच लाई दिनी!"