सरासरीत न मावलेली नदी

मोहिमेचा हेतू एवढाच होता: घळीच्या तळाशी खडकाला आवळलेले एक नोंदयंत्र परवाच्या सुनावणीपूर्वी बाहेर आणायचे. धरणाचा परवाना आणखी चाळीस वर्षे वाढवायचा की नाही, हे त्या सुनावणीत ठरणार होते. आणि धरण कार्यालयाच्या तीनशे पानी अहवालाने हिवाळ्यातला प्रवाह ‘स्थिर’ असल्याचे आधीच जाहीर करून टाकले होते. दिवसाची सरासरी काढली की तो स्थिर असतोच. एक दिवस उपाशी ठेवून दुसऱ्या दिवशी घशात दुप्पट कोंबले, तरी सरासरीने माणूस व्यवस्थित जेवलेला असतो!

नोंदयंत्र दर पाच मिनिटांनी पाण्याची पातळी टिपत होते. ते बसवणाऱ्या संशोधिकेपाशी दुसरा पुरावा नव्हता.

पुढे ती, खांद्यावर दोर. मागे नावाडी मामा, याच नदीवर त्यांनी तीस वर्षे नाव चालवली होती, नाव तरंगण्याइतके पाणी भरवशाचे होते तोवर. तिसरा धरण कार्यालयाचा मोजणीदार. आपला माणूस सोबत असल्याखेरीज नदीपात्रात उतरायचे नाही, अशी कार्यालयाची अट होती. पहिल्याच वळणावर मामांनी त्याचे बारसे करून टाकले होते: सरासरीराव.

पात्र कोरडे पडले होते. गोट्यांवर हिमाचा पातळ पापुद्रा, मधोमध घोट्याएवढी धार. संशोधिकेने काठाजवळचा एक गोटा उचलला. खाली नारिंगी अंडी होती; गोठून काचेच्या मण्यांसारखी कडक झालेली.

“हे काय?” मोजणीदाराने विचारले.

“ट्राउट माशाची अंडी. धरणाची दारं उघडी असतात तेव्हा इथे पाणी असतं, म्हणून मादी इथे अंडी घालते. मग तुम्ही दारं मिटता. तुमच्या अहवालात याला ‘नगण्य परिणाम’ म्हणतात.”

“अहवाल मी लिहीत नाही, मॅडम. मी फक्त आकडे देतो.”

“देता हो, सरासरीराव,” मामा म्हणाले, “पण पुढे त्यांचं काय होतं, ते कधी विचारलंत?”

वाऱ्याला धार चढली होती. मामा पुन्हा पुन्हा वरच्या अंगाला पाहत होते.

“पोरी, आज थंडी भलतीच आहे. शहरात घरोघरी हीटर लागले असतील. विजेसाठी दारं लवकर उघडतील बघ.”

“वेळापत्रकात चारची वेळ आहे, मामा. आत्ता कुठे साडेबारा होतायत.”

“वेळापत्रक! अगं, ते खोटं आहे म्हणून वर्षभर तूच भांडतेयस ना?”

ती हसली आणि घळीत शिरली. छापील कागदावरची श्रद्धा विद्वानांच्या हाडीमाशी इतकी खिळलेली असते, की त्याच कागदाचे खंडन करायला निघतानाही ते घड्याळ त्याच्याबरहुकूम लावतात!

घळीत दोन्ही बाजूंना ताशीव कडे. नोंदयंत्राची नळी चार बोल्टांनी खडकाला जखडलेली होती. पहिले तीन कुरकुरत सुटले. चौथा गोठलेला. तिने पान्यावर सगळा भार टाकला. अर्धा फेरा. आणखी पाव.

तेवढ्यात धारेचा रंग बदलला. वरून गार वाऱ्याचा लोट आला आणि त्यामागून गोट्यांचा गडगडाट!

“वर!” मामा ओरडले. “वर चढा!”

मध्यभागी हत्तीच्या पाठीएवढा खडक होता. मामा त्यावर चढले. पाणी गुडघ्याला आले. आणखी एक फेरा, फक्त एक! तिने मागे पाहिले. मोजणीदार दहा हातांवर आडवा झाला होता. त्याचा बूट दोन गोट्यांत अडकला होता आणि पाणी छातीवर चढत होते.

तिने पाना टाकला. दोर फेकला. एक टोक मामांच्या हातात, दुसरे त्याच्या काखेत. “बूट सोडा! पाय ओढा!” पाय निघाला. बूट गेला. दोघांना मामांनी गुरांना दाव्याने ओढावे तसे वर घेतले. पाठोपाठ एक ओंडका नळीवर आदळला, आणि वर्षभराचा पुरावा डोळ्यांदेखत वाहून गेला.

“चाळीस वर्षं,” ती पुटपुटली. दुसरे काही सुचेना.

मोजणीदाराचे दात वाजत होते. त्याने छातीच्या खिशातून मेणकापडातली वही काढली, कमरेची वजन लावलेली मोजपट्टी खडकावरून खाली सोडली आणि आकडा लिहिला.

“इथं जीव जायची पाळी आलीय, आणि हे मोजतायत!” मामा म्हणाले.

“सव्वा वाजला. पाव तासानं नोंद घ्यायची असते.”

दीड. पावणेदोन. दोन. पाऊण तासात पाणी सव्वादोन मीटर चढले. शेऱ्याच्या रकान्यापाशी त्याची पेन्सिल थांबली. तिथे ओळीओळीला ‘स्थिर’ छापलेले होते.

“हा शब्द छापूनच येतो, मॅडम.”

“तुमची नोकरी आहे,” ती म्हणाली. मन वळवण्याची इच्छा तिने मोठ्या कष्टाने गिळली.

“अठरा वर्षं झाली. सरासरी वरचे काढतात. वही माझी आहे.”

त्याने शब्द खोडला, शेजारी सही केली. मग खालचा. मग त्याखालचा. कार्यालयाच्याच वहीत, कार्यालयाच्याच माणसाच्या हाताने! असला पुरावा तिच्या यंत्राला सात जन्मांत देता आला नसता.

बरोबर चार वाजता, म्हणजे वेळापत्रकाप्रमाणे पाणी सुटायच्या मुहूर्तावर, पाणी ओसरू लागले. पाच वाजता ते दोराने खाली उतरले. मामांना काठ गाठायची घाई झाली होती. मोजणीदार मात्र एका पायात बूट, एका पायात भिजका मोजा, असा एका खळग्यापाशी थबकला. खळग्यातले पाणी झिरपून चालले होते. बोटाएवढे मासे एकमेकांवर उड्या मारत होते.

“अहो सरासरीराव, पाय गळून पडेल तुमचा! चला!”

“थांबा हो. तेवीस... चोवीस...” तो उकिडवा बसून मोजत होता. मग त्याने वर पाहिले. “मॅडम, वहीत याला रकानाच नाही.”

“मग आखा.”

मोजपट्टी धरून त्याने पानाच्या कडेला एक रेघ ओढली.